विंडोज १० सोडायचंय, पण डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर सोडता येत नाही

धावदोरा:

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटरवाली नाही, भरतकामवाली. त्यामुळे प्रश्न जरा लांबण लावून येईल, सांभाळून घ्या.

घरात तीन कॉम्प्युटर, तिन्ही विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. आम्ही वर्षाची मुदतवाढ घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल. विंडोज ११ तिघांपैकी एकावरही चढत नाही. तपासून पाहिलं तर कुठे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुठे प्रोसेसर यादीत बसत नाही. आणि तिन्ही धडधाकट आहेत हो! यादीत नाव नाही म्हणून चालती वस्तू भंगारात काढायला माझा हात धजत नाही.

माझा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी एसएसडी टाकून घेतली. नवऱ्याचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा, रॅम तेवढीच. लेकीचा जुना लॅपटॉप ४ जीबीचा. बटण दाबून आंघोळ उरकून यावं, तेव्हा कुठे डोळे उघडतो.

खरी अडचण माझ्या डेस्कटॉपची. त्यावर पंचिंगचं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे चित्रावरून भरतकामाच्या मशीनसाठी टाके पाडायचं. रीतसर विकत घेतलेलं, पण जुनं. आणि ते यूएसबी डोंगलवर चालतं. बोटाच्या पेराएवढी कांडी, तिच्या पोटात हिरवा दिवा. ती लावली नाही तर सॉफ्टवेअर दारातूनच परत पाठवतं. नऊ वर्षांची साडेसहाशे डिझाइन्स त्याच सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये पडून आहेत.

नवऱ्याचं जग एका एक्सेल फाइलीत मावतं. घराचे आणि माझ्या कामाचे हिशेब, वर एक बटण, ते दाबलं की नवीन महिन्याचं पान तयार होतं. त्या बटणामागचा मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेला छोटा प्रोग्राम, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. शिवाय सासऱ्यांनी टाइप करून ठेवलेले लेख आहेत, ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. आणि एक म्हातारा लेझर प्रिंटर.

नात्यातल्या एका मुलाला विचारलं. म्हणाला, "मावशी, लिनक्स टाक, सगळं चालतं." म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, फुकट सिस्टिम. डोंगल दाखवला तर म्हणाला, "तेवढं सोडून." त्याचं ते 'तेवढं' म्हणजे माझा अख्खा धंदा.

तर हे जमण्यातलं आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

ठोकळा:

डेस्कटॉपला हात लावू नका. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, काम चालू ठेवा. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत, एवढंच. बाहेरून कुणी येणारच नसेल तर भोकाचं काय घेऊन बसलात? पेनड्राइव्ह मात्र कुठल्याही परक्या कॉम्प्युटरला लावून परत आणू नका.

खुडबुड्या:

ताई, ठोकळा म्हणतात ती वाट अगदीच वाईट नाही. पण ग्राहक चित्रं मेलवर पाठवत असतील तर दिवसातून दहा वेळा पेनड्राइव्ह घेऊन या कॉम्प्युटरवरून त्यावर जावं लागेल. महिनाभर चालेल, मग एक दिवस घाई असेल आणि तुम्ही वायर परत लावाल.

आधी वाइनबद्दल, कारण कुणीतरी ते सुचवणारच. वाइन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं साधन, १९९३ पासून त्याचं काम चालू आहे आणि पुष्कळ गोष्टी त्यावर बेमालूम चालतात. पण ते प्रोग्रामचं बोलणं लिनक्सला समजावून सांगणारा दुभाष्या आहे. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, आणि वाइनमध्ये तो गाभाच नाही. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्यात वेळ घालवू नका.

तुमच्यासाठी व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर लिनक्सवर टाकायचं. त्याच्या आत एका खिडकीत खरंखुरं विंडोज १० चालतं, आणि यूएसबीची वस्तू बाहेरून आत सोपवता येते. डोंगलला वाटतं आपण विंडोजच्या कॉम्प्युटरलाच लागलोय. त्या आतल्या विंडोजचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून काढून टाकायचं. म्हणजे ठोकळ्यांचा सल्लाही पाळला जातो, आणि मेल, ब्राउझर बाहेर लिनक्सवर राहतात. तुमच्या ८ जीबीतले ४ आतल्या विंडोजला द्या. एसएसडी आहे म्हणून हे सुचवतोय, जुन्या हार्ड डिस्कवर सांगितलं नसतं.

पण डेस्कटॉप सगळ्यात शेवटी. आधी लेकीचा लॅपटॉप, कारण तिथे गमावण्यासारखं काही नाही. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ४ जीबीला ती झेपते, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. पेनड्राइव्हवरून चालू करून आधी नुसतं बघा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटल्यावर झोपतो का. डिस्कला तोवर धक्का लागत नाही.

नवऱ्याच्या लॅपटॉपवर आज लिनक्स नको. आहे त्या विंडोजवरच लिबरऑफिस, म्हणजे एक्सेल-वर्डची कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि महिनाभर त्यांना त्यातच हिशेब करू दे. घर बदलण्याआधी भांडी बदलायची. रडारड झाली तर एक्सेल शेजारीच आहे.

कुठल्याही यंत्रावर हात घालण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का. असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा. दोन, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सला ती डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

एक प्रश्न: विंडोज कॉम्प्युटरबरोबर आलं होतं की वेगळं घेतलं होतं?

धावदोरा:

वेगळं घेतलं होतं, डबा अजून कपाटात आहे. का विचारलंत?

खुडबुड्या:

बरोबर आलेल्या विंडोजचा परवाना त्या यंत्राला जखडलेला असतो. डब्यातला हलवता येतो. जुन्यावरून काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरा. डबा जपून ठेवलात, निम्मं काम झालं.

तिरकस:

मी दरवेळी खडा टाकायला येतो तसा आलो. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडते आणि फाइल चालते यात फरक आहे. नवरोजींच्या मॅक्रोत फॉर्म किंवा ॲक्टिव्हएक्सची बटणं असतील तर विसरा. साधे मॅक्रो कधी चालतात, कधी तोंड फिरवतात. आणि मिंट २२ बरोबर येणारं लिबरऑफिस २४.२ आहे. त्याला एक्सलुकअप हे तक्त्यातून किंमत शोधून आणणारं सूत्र माहीतच नाही, ते २४.८ मध्ये आलं. एकदा फाइल उघडून सूत्रं बघून घ्या.

दुसरं म्हणजे फॉन्ट. एक्सेलमध्ये कॅलिब्री असणार. लिनक्सवर तो येत नाही. कार्लिटो टाका, त्याची अक्षरं कॅलिब्रीच्याच रुंदीची आहेत, त्यामुळे ओळी सरकत नाहीत. कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया. टाइम्स आणि एरियलच्या जागी लिबरेशन असतोच.

धावदोरा:

तीन आठवड्यांनी आले. शाळेत हजेरी देतात तशी देते.

लेकीचा लॅपटॉप एका दुपारी झाला. पेनड्राइव्हवरून चालू केला तेव्हा वायफाय दिसेना. मिंटचं ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, त्याने चिपचा ड्रायव्हर सुचवला, पण तो उतरवायला नेट हवं! फोन यूएसबीने जोडून फोनचं नेट दिलं, ड्रायव्हर आला, काम झालं. आता तो लॅपटॉप आंघोळीला वेळ देत नाही. लेक म्हणते तिला काही वेगळं वाटतच नाही, कारण ती दिवसभर ब्राउझरमध्येच असते.

नवऱ्याची गंमत सांगते. विंडोजवरच्या लिबरऑफिसमध्ये फाइल उत्तम उघडली, आकडे सगळे जागच्या जागी. तिरकस कसे तोंडावर पडले म्हणून तो खूश. सवयीसाठी तीच फाइल लेकीच्या मिंटवर उघडली, तिथेही आकडे दिसले. मग त्याने एका खान्यातली रक्कम बदलली आणि शेजारची अख्खी ओळ चुका दाखवायला लागली. एक्सलुकअपच. उघडताना दिसत होते ते एक्सेलने आधी काढून ठेवलेले आकडे होते. नवीन गणित करायची वेळ आली तेव्हा सूत्र ओळखता येईना. विंडोजवर आम्ही नवीन लिबरऑफिस उतरवलं होतं, म्हणून तिथे पितळ उघडं पडलं नव्हतं.

बटण मात्र दोन्हीकडे मेलं. मी विचारलं, हे बटण करतं काय? मागच्या महिन्याचं पान कॉपी करतं, आकडे पुसतं, नाव बदलतं. मग पानाच्या नावावर उजवी क्लिक करून कॉपी केलं, खाने निवडून पुसले, नाव दिलं. महिन्यातून एकदाचं काम, मिनिटभर लागलं. यासाठी सात वर्षं आम्ही त्या फाइलीला देवासारखं जपत होतो.

सासऱ्यांच्या लेखांचं विचारायचंय. ते कसं करू?

खुडबुड्या:

एक्सलुकअपसाठी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये लिबरऑफिसची फ्लॅटपॅक आवृत्ती आहे, म्हणजे मिंटबरोबर येते त्याहून वेगळी बांधलेली, ती नवी असते. जुनी काढून ती टाका.

लेखांसाठी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइल उचला आणि लिनक्सवर तुमच्या होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात ठेवा. वाचायला आणि छापायला एवढं पुरतं. त्यांच्यात शोधता मात्र येणार नाही, कारण आत खरी देवनागरी नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रं बसवलेली आहेत. निवांत वेळ मिळेल तेव्हा युनिकोडमध्ये बदलून घ्या. पण बदललेला लेख मूळ लेखाशेजारी ठेवून वाचा. जोडाक्षरं आणि रफार हटकून घसरतात.

धावदोरा:

फॉन्ट टाकला. सासऱ्यांचा पहिलाच लेख उघडला आणि पहिल्या ओळीतला 'र्‍ह' सुद्धा जागेवर. नवऱ्याने तो उभ्या उभ्या सगळा वाचला.

आता डेस्कटॉप. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्यासारखी डोंगलवाली माणसं आणखी असतील.

आधी आठ दिवस रोज संध्याकाळी जुन्या सॉफ्टवेअरमधून डिझाइन्स बाहेर काढली. प्रत्येकाची मशीनला वाचता येणारी एक डीएसटी फाइल, एक पीईएस. डीएसटी जवळपास सगळ्या मशीनना चालते, पण तिच्यात फक्त सुई कुठून कुठे जाणार आणि दोरा कधी बदलायचा एवढंच असतं. कुठला रंग, ते नसतं. पीईएसमध्ये रंग राहतात. या दोन्ही फाइली म्हणजे तयार कपडा समजा, बेतलेला कागद नव्हे. डिझाइन मोठं केलं तर टाके विरळ होतात, लहान केलं तर एकावर एक चढून सुई मोडते. म्हणून सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलीही जशाच्या तशा ठेवल्या.

मग मिंट टाकलं. जुनी एसएसडी पुसायचा धीर झाला नाही, ती काढून ठेवली आणि नवी घातली. हा सल्ला इथे कुणी दिला नव्हता, पण कात्री चालवण्याआधी मूळ कापड बाजूला ठेवायची सवय आहे मला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज १० बसवलं, डब्यावरची किल्ली घातली, ती विंडोजने मान्य केली. पंचिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. डोंगल लावला. दिवा लागेना.

यूएसबीच्या यादीत नावच नाही. दुसऱ्या पोर्टला लावला, तिसऱ्याला लावला. तासभर मी त्या कांडीकडे आणि ती माझ्याकडे. शेवटी खुडबुड्यांना निरोप पाठवला, त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: लिनक्समध्ये व्हीबॉक्सयूजर्स नावाचा गट असतो, आपलं नाव त्यात घालावं लागतं, आणि मग लॉगआउट करून परत यावं लागतं. नाव घातलं होतं मी, लॉगआउट केलं नव्हतं! परत आले, यादीत डोंगल दिसला. सेटिंगमध्ये त्याचं फिल्टर लावून टाकलं, म्हणजे विंडोज चालू झालं की तो आपोआप आत जातो. खिडकीत विंडोज उजळलं, क्षणभर काही नाही, मग टक्कन हिरवा दिवा. मी इतक्या जोरात "लागला!" ओरडले की लेक धावत आली, तिला वाटलं शॉक लागला.

ओळखीचं डिझाइन उघडून पाहिलं. एका पाखराचं आहे, ७,२१४ टाके. इथेही ७,२१४. मग जीव भांड्यात पडला.

तक्रार एकच. खऱ्या दोऱ्यासारखं चित्र दाखवायची सोय आहे, ती व्हर्च्युअल मशीनमध्ये रखडते. ती बंद ठेवून साध्या रेघांवर काम करते. मूळ सवय तीच होती.

तिरकस:

७,२१४ बघून मीही टोपी काढली. एक्सलुकअपचे गुण मात्र माझ्या खात्यात लिहा. फाइली बाहेर कशा काढता? आतल्या विंडोजला नेट नाही ना?

धावदोरा:

लिहिले. फाइलींसाठी आतल्या विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचंच गेस्ट ॲडिशन्स हे जोडसाधन टाकून एक सामाईक फोल्डर केलाय. आत टाकलं की बाहेर मिंटवर दिसतं. तिथून पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हवरून मशीन.

आणि तिथेच फजिती झाली. पेनड्राइव्ह साफ करायला मिंटमधलं फॉरमॅट करायचं साधन उघडलं. त्यात पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीचे चार पर्याय: फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस आणि ईएक्सटी४. चौथ्यासमोर लिनक्सचं नाव वाचलं, म्हटलं आता आपण लिनक्सवाले, हाच घ्यावा. फाइल टाकली, मशीनला लावलं, मशीन म्हणतं पेनड्राइव्ह रिकामा. मिंटवर बघितलं तर फाइल आहे. परत मशीन, परत रिकामा. कपडा हूपमध्ये ताणून तयार, दोरा ओवलेला, आणि मी पेनड्राइव्ह घेऊन दोन खोल्यांमधून येरझारा घालतेय. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला की लिनक्सवाली मी झाले, भरतकामाचं मशीन नाही झालं. फॅट३२ केलं, डिझाइन हजर.

ठोकळा:

हाहा. प्रिंटरचं काय झालं?

धावदोरा:

त्याने नकार दिला. नवे प्रिंटर म्हणे ड्रायव्हरशिवाय चालतात, हा त्या पिढीचा नाही, आणि याचा लिनक्सचा ड्रायव्हर काही केल्या बसेना. मग डोंगलचीच युक्ती केली, प्रिंटरही यूएसबीने आतल्या विंडोजला देऊन टाकला. छापायचं ते पीडीएफ करून सामाईक फोल्डरात टाकायचं आणि आतून छापायचं. द्राविडी प्राणायाम आहे, पण आठवड्यात चार पानं छापणाऱ्या घराला चालतो.

इंकस्टिचही टाकून पाहिलं. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरला ते जोडलं जातं, फुकट आहे, आणि थेट लिनक्सवर चालतं. माझ्या डीएसटी आणि पीईएस उघडल्या, जुन्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइली उघडल्या नाहीत. साधी नावं, किनारी, छोटे लोगो त्यात करायला लागलेय. साटीनच्या टाक्याला दोन बाजूंच्या दोन रेघा आखून द्याव्या लागतात, ते हाताला बसायला वेळ लागेल. बारीक छटांचं भरीव काम अजून डोंगलवरच.

खुडबुड्या:

ताई, आता एक काम आजच करा. आतलं विंडोज म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल आहे. ते पूर्ण बंद करा, नुसतं थांबवू नका, आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. उद्या काही बिघडलं तर सगळं परत बसवायची गरज नाही, फाइल जागेवर ठेवली की झालं. टाइमशिफ्टवर विसंबू नका, ते मिंटच्या स्वतःच्या फाइली सांभाळतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या आपणहून घेत नाही. आणि बाहेरची डिस्क फॅट३२ नाही ना ते बघा. तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

धावदोरा:

फॅट३२ च निघाली. पेनड्राइव्हने शिकवलं होतं, त्यामुळे या वेळी विचार करून एनटीएफएस केली. आधी तिच्यावरचे फोटो नवऱ्याच्या लॅपटॉपवर हलवले, उघडून बघितले, मगच पुसली.

फाइल ६२ जीबीची आहे. कॉपी लावलीय, पाऊण तास दाखवतंय. तोवर बॉबिन भरून घेते.